झाडाला आपटल्यावरचं नशीब, पण झाडाकडे गेली कशी?

माझा भाचा रात्री जागून अमेरिकेतल्या डिस्क गोल्फच्या मॅचेस बघतो. मागच्या रविवारी मानपाड्याला आमच्याकडे आला तो तोंड पाडूनच, कारण त्याचा आवडता प्लेयर शेवटच्या होलला झाडावर डिस्क आपटून हरला. "मामा, जंगलातला कोर्स म्हणजे निव्वळ लॉटरी." मी म्हटलं थांब, कागद आण.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी: गोल्फच, फक्त बॉलऐवजी साधारण २१ सेंटीमीटर रुंदीची जड काठाची तबकडी, आणि खड्ड्याऐवजी खांबाला लटकवलेल्या साखळ्यांची बास्केट. ही साखळ्यांची बास्केट १९७० च्या दशकात एड हेड्रिक नावाच्या माणसाने आणली. २००२ मध्ये तो गेला तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची राख नवीन डिस्कच्या प्लॅस्टिकमध्ये मिसळली, म्हणजे मेल्यावरही झाडांवर आपटायची हौस! काही कोर्स मोकळ्या मैदानात असतात, काही केंटकीतल्या आयडलवाइल्डसारखे दाट झाडीत. भांडण या दुसऱ्या प्रकारावरून असतं.

आता कॅरम आठवा. स्ट्रायकर सोंगटीला बरोब्बर मधोमध लागला तर सोंगटी सरळ, केसभर बाजूला लागला तर भलतीकडेच. खोडाचं तेच, कारण खोड गोल. समजा खोड ३० सेंटीमीटर जाड आहे. खोडाची त्रिज्या १५, डिस्कची १०.५, बेरीज २५.५. टक्कर या मोठ्या वर्तुळावर होतेय असं धरायचं (डिस्कची फिरकी सध्या विसरा). मधोमधच्या आसपास फेक १ सेंटीमीटर सरकली की उडायची दिशा साडेचार डिग्रीने बदलते, आणि दहा मीटर पुढे जाईपर्यंत तो एक सेंटीमीटर पाऊण मीटरच्या वर झालेला असतो. खोडाच्या कडेला लागली तर त्याहून जास्त. अशा गोल अडथळ्यांवर आपटणाऱ्या चेंडूंचं गणित गणितज्ञ याकोव्ह सिनाई यांनी १९७० मध्ये मांडलं, त्यांना गणितातला २०१४ चा आबेल पुरस्कारही मिळाला. चाळीस मीटरवरून सेंटीमीटरचा नेम कोणाचाच नसतो, त्यामुळे एकदा खोडाला लागली की पुढचं नशीब, इथपर्यंत भाचा बरोबर.

पण खोडाला लागली का, हा प्रश्न वेगळा आहे, आणि मला खरी मजा इथे येते.

चाळीस मीटरवर दोन झाडं आहेत, मधली फट ३ मीटर. डिस्कची स्वतःची रुंदी वजा केली की उरतात २.७९, म्हणजे मधल्या रेषेपासून दोन्हीकडे जेमतेम १.४ मीटर. आता दोन प्लेयर घ्या. पक्क्याच्या दहातल्या सात फेकी नेमापासून दीड डिग्रीच्या आत पडतात, कच्च्याच्या तीन डिग्रीच्या आत. चाळीस मीटरवर दीड डिग्री म्हणजे एक मीटर पाच सेंटीमीटर. घंटेच्या आकाराचा आलेख लावला (नेमाजवळ फेकी जास्त, लांब चुकलेल्या कमी) की पक्का शंभरात ८२ वेळा फटीतून जातो आणि कच्चा ४९ वेळा. ३३ चा फरक! मोकळ्या मैदानात दोघंही पार झाले असते, म्हणजे झाडांनीच दोघांतला फरक उघडा पाडला. लॉटरी कसली?

आता फट १ मीटर करा. पक्का २९, कच्चा १५. दोघंही बहुतेक वेळा आपटतायत आणि फरक उरला १४. म्हणजे फट दोघांच्या नेमाच्या पसाऱ्याएवढी असली तर कौशल्य दिसतं, खूप मोठी असली तर दोघंही पास, खूप लहान असली तर दोघंही नापास. दहावीच्या पेपरसारखंच आहे, अतिअवघड पेपरात हुशार आणि ढ दोघांनाही पंधराच्या आसपास मार्क.

आणि होल एक नसतं, अठरा असतात. अठरा होलमध्ये कौशल्याचा फरक १८ पट होतो, पण नशिबाचा पसारा फक्त १८ च्या वर्गमूळाइतका, म्हणजे सव्वाचार पट, कारण चांगली आणि वाईट नशिबं एकमेकांना खातात. आपटलं की एक फेक जास्त (आणि ज्याच्या फेकी कमी तो पुढे) असं धरलं तर ३ मीटरच्या फटींच्या कोर्सवर कच्चा प्लेयर शंभरात साधारण एकदाच पुढे राहील. १ मीटरच्या फटींवर दहातून एकदा. खोडावरून उडून कधी थेट बास्केटजवळ आणि कधी मागे झुडपात, हे धरलं तर नशिबाचा वाटा अजून वाढेल. म्हणजे शिव्या द्यायच्या तर जंगलाला नको, इतक्या बारीक फटी ठेवणाऱ्या डिझायनरला द्या.

भाच्याची एक लकी टोपी आहे आणि फोनवर राशिभविष्याचं अॅप, त्यात रोजचा शुभ रंग येतो. मी विचारलं टोपी घातल्यावर किती फेकी फटीतून गेल्या आणि न घातल्यावर किती, लिहून ठेवलंयस? नाही. मग टोपी फक्त उन्हासाठी.

मग सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवर गेलो (येऊरला झाडं झकास आहेत, पण ते नॅशनल पार्क, तिथे प्लॅस्टिकच्या डिस्क उडवायच्या नाहीत). तिथे दोन सुबाभळी आहेत, टेपने मोजलं तर मधली फट तीन मीटरला जरा कमी. चाळीस मीटर मोजून विटेचा तुकडा ठेवला आणि वीस-वीस फेकी मारल्या. भाच्याच्या नऊ गेल्या, माझ्या सात, आणि एक डिस्क खोडावरून उडून गटारात गेली ती काढायला अर्धा तास. सात म्हणजे माझा पसारा चार डिग्रीच्या आसपास, कच्च्याहून कच्चा.

तेवढ्यात वॉचमन काका आले, काय करताय म्हणून. त्यांच्या हातात डिस्क दिली, त्यांनी ताट टाकावं तशी टाकली आणि ती बरोब्बर मधून गेली. भाचा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं काका, अजून एकोणीस टाका. ते म्हणाले नको, गेटवर कोणी नाहीये, आणि निघून गेले.