समुद्री पवनविद्युत जाळ्यातील कन्व्हर्टर-नियंत्रण

समुद्रात उभारलेल्या पवनचक्क्यांची वीज किनाऱ्यावर आणताना तिचा विद्युतदाब (व्होल्टेज; पुढे नुसता 'दाब'), कंप्रता (फ्रिक्वेन्सी) व प्रवाह इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टरांद्वारे, म्हणजे प्रत्यावर्ती (एसी) व एकदिश (डीसी) प्रवाह एकमेकांत बदलणाऱ्या उपकरणांद्वारे, सांभाळण्याची पद्धती. औष्णिक आणि जलविद्युत केंद्रांतील अवजड फिरते रोटर जमिनीवरच्या ग्रिडची ५० हर्ट्‌झ कंप्रता आपल्या जडत्वाने तोलून धरतात. एकदिश प्रवाहाच्या केबलने किनाऱ्याशी जोडलेल्या समुद्री जाळ्यात मात्र असा थेट जोडलेला एकही रोटर नसतो, त्यामुळे तेथील कंप्रता ही नियंत्रण-प्रणालीने घडवलेली गोष्ट असते.

कामाची वाटणी साधारणपणे अशी असते : समुद्री फलाटावरचा कन्व्हर्टर दाब व कंप्रता निर्माण करतो, पवनचक्क्यांचे कन्व्हर्टर तिच्याशी ताल जुळवून आपली वीज त्या जाळ्यात सोडतात आणि किनाऱ्यावरचा कन्व्हर्टर केबलमधील एकदिश दाब स्थिर राखतो. किनाऱ्याच्या ग्रिडमध्ये बिघाड झाल्यास वीज पुढे जाऊ शकत नाही, पण वारा वाहतच असतो. मग काही मिलिसेकंदांत केबलचा दाब चढू लागतो आणि पवनचक्क्यांचे उत्पादन खाली येईपर्यंत जादा ऊर्जा रोधकात (रेझिस्टरमध्ये) उष्णतेच्या रूपात जाळून टाकावी लागते.

खरी अडचण अनेक कन्व्हर्टर एकमेकांना प्रतिसाद देऊ लागले की येते. ९ ऑगस्ट २०१९ रोजी इंग्लंडमध्ये वीजवाहिनीवर आकाशातील वीज कोसळल्यानंतर हॉर्नसी या समुद्री पवनविद्युत प्रकल्पाच्या नियंत्रणात विद्युत आंदोलने (दाब व प्रवाहाचे झोके) उद्‌भवली आणि ७३७ मेगावॉट उत्पादन क्षणार्धात तुटले. हा प्रकल्प प्रत्यावर्ती प्रवाहाने जोडलेला होता, म्हणजे हा दोष केवळ एकदिश जोडणीचा म्हणता येत नाही.

मुंबईसमोरच्या समुद्रात पवनचक्क्या नाहीत. केंद्राने २०२४ मध्ये अर्थसाहाय्य मंजूर केलेले पहिले प्रकल्प गुजरात व तमिळनाडूच्या किनाऱ्यांसाठी आहेत. तरीही या तंत्रातील मूलभूत भेद समजण्यास मुंबई परिसरच सोयीचा आहे. चंद्रपूर–पडघे ही ७५२ किमी लांबीची, १,५०० मेगावॉटची एकदिश प्रवाहाची वाहिनी थायरिस्टरवर (ग्रिडच्या दाबाच्या आधारानेच बंद होऊ शकणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचवर) चालते आणि तिला दोन्ही टोकांना आधीपासून जिवंत व भक्कम ग्रिड लागते. असा कन्व्हर्टर समुद्रातल्या जाळ्यात एकट्याच्या बळावर दाब उभा करू शकत नाही. मुंबईला वीज आणण्यासाठीच्या कुडूस–आरे या १,००० मेगावॉटच्या एकदिश वाहिनीवर मात्र समुद्री फलाटांवर वापरतात त्याच जातीचे, स्वतः दाब घडवू शकणारे कन्व्हर्टर आहेत. त्यांना जागाही कमी लागते, आणि जागेची टंचाई फलाटावर असते तशीच मुंबईतही आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईत वीजपुरवठा खंडित झाल्यानंतर शहराबाहेरून वीज आणण्याच्या क्षमतेची चर्चा झाली. ग्रिड पूर्ण बंद पडल्यावर शून्यातून दाब उभारण्याची या कन्व्हर्टरांची क्षमता त्या दृष्टीने अधिक मोलाची आहे.