आवाज मागून येतो, पण दोष माइकचा नाही

‘घरी गाणं रेकॉर्ड करताना हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज क्षणभर मागून आला, तर माइक बदला,’ हा सल्ला जुनाच. पण उशीर बहुतेकदा कॉम्प्युटरमध्ये होतो. तिथे आवाज तुकड्यातुकड्यांनी हाताळला जातो. तुकड्याचा आकार म्हणजे बफर. ४४,१०० सॅम्पल रेटला (म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने) १,०२४ नमुन्यांचा बफर म्हणजे सुमारे २३ मिलिसेकंद, तेही जाताना-येताना दोनदा. गाणारा अडखळणारच!

पडताळा सोपा आहे. माइकसमोर ‘टक्’ म्हणा, रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये बफर १२८ करा, पुन्हा म्हणा. माइक तोच, उशीर कमी. आवाज तडतडला तर बफर थोडा वाढवा. इंटरफेसवर (माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डबीवर) डायरेक्ट मॉनिटरिंग, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये न जाता आवाज थेट हेडफोनमध्ये ऐकण्याची सोय, असेल तर उत्तमच. फक्त सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद ठेवा, नाहीतर आवाज दोनदा ऐकू येईल. ब्लूटूथ हेडफोनचा उशीर मात्र बफरने जात नाही, तिथे वायरवालाच हवा.