मुलांचा पहिला आलेख

‘नोटेशन (सुरांची लिपी) शिकवा, मुलाचं गणित सुधारेल’ अशा जाहिराती हल्ली सोसायटीच्या फाटकापर्यंत पोचल्यात. या समजाला जोर आला तो १९९३ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या एका छोट्या टिपणामुळे. दहा मिनिटं मोत्सार्ट ऐकल्यावर कॉलेजच्या ३६ विद्यार्थ्यांना आकृत्यांची कोडी थोडी बरी सुटली, आणि पाव तासात तो परिणाम ओसरलाही. त्या प्रयोगात लहान मुलं नव्हती, नोटेशन तर नव्हतंच. तरी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या गव्हर्नरांनी नवजात बाळांना संगीताच्या सीडी द्यायचा घाट घातला. आपल्या गर्भसंस्काराच्या सीडींची ही चुलत बहीणच!

मला नोटेशनचं कौतुक आहे ते वेगळ्या कारणासाठी. भातखंडे पद्धतीत आपण सुरांची अक्षरं लिहितो. तार सप्तकाला वर टिंब, कोमल स्वराला खाली रेघ. षड्ज कुठलाही धरा, लिपी तीच राहते, ही मोठी सोय. पण चाल चढते की उतरते हे नुसत्या नजरेला कळत नाही. पाश्चात्त्य नोटेशनमध्ये सूर पाच रेषांच्या स्टाफवर टिंबांनी मांडतात; तिथे ते दिसतं, कारण तो चक्क आलेख आहे. डावीकडून उजवीकडे वेळ, खालून वर सुराची उंची. शाळेत आलेखवही हातात पडायच्या कितीतरी आधी सहा वर्षांचं मूल तो वाचू शकतं.

यातली खरी गंमत उभ्या अक्षात आहे. पाश्चात्त्य संगीतात सुरांना ए ते जी अशी नावं असतात. मिडल सीची, म्हणजे पियानोच्या मधल्या सीची, कंपनं सेकंदाला सुमारे २६२, वरच्या सीची ५२३, त्याच्या वरच्या सीची १०४७. दरवेळी दुप्पट, पण कागदावर प्रत्येक सप्तकाला उंची तेवढीच. म्हणजे हा लॉगॅरिदमिक अक्ष झाला: कानाला गुणाकार ऐकू येतो, डोळ्याला बेरीज दिसते. त्यातही एक लबाडी आहे. रेषेवरून लगतच्या, दोन रेषांमधल्या जागेत गेलं की कंपनं बहुतेकदा सुमारे १.१२ पटीने वाढतात, पण ईवरून एफवर किंवा बीवरून सीवर जाताना फक्त १.०६ पटीने. चित्रात दोन्ही पायऱ्या सारख्याच. पियानोवर मात्र याच दोन ठिकाणी मध्ये काळी पट्टी नसते, तिथे बोट ठेवून दाखवलं की मुलांना ते पटकन उमगतं.

शिकवताना आपण घोटाळा करतो तो नावं पाठ करून घेण्यात. मग मूल प्रत्येक टिंबाशी थांबून खालून रेषा मोजत बसतं. सराईत वादक टिंबं सुटी वाचत नाही. १९७४ मध्ये मानसशास्त्रज्ञ जॉन स्लोबोडा यांनी वादक वाजवत असतानाच समोरचं नोटेशन दिसेनासं केलं. चांगले वाचणारे तरीही पुढचे सहा-सात सूर वाजवत राहिले, कच्चे तीन-चारवर थांबले. पुढचा घास डोळ्यांनी आधीच घेतलेला असतो, आणि तो घेता येतो आकारांमुळे. रेषेवरून जागेत गेलं तर शेजारचा सूर, रेषेवरून पुढच्या रेषेवर गेलं तर एक सोडून पुढचा. आधी हे गाऊन घ्यावं, नावं मागाहून.

अकराव्या शतकात इटलीच्या ग्वीदो दारेझ्झो यांनी मुलांना गायला शिकवताना एफची रेषा लाल आणि सीची पिवळी केली होती. पुढे गोव्यातल्या चर्चच्या शाळांतही मुलं सोल्फेजो (डो-रे-मी म्हणत सूर गाणं) आधी गळ्यातून शिकली, आणि मुंबईच्या सिनेमांच्या ऑर्केस्ट्रांना नोटेशन सफाईने वाचणारे कितीतरी वादक तिथूनच मिळाले. घरी सुरुवात करायची तर पाचही रेषा नकोत. दोनच ओढा, त्यातली एक लाल.