कॅथलिक वाढले म्हणजे आयर्लंड एक होणार, हे खरे नाही

प्रोटेस्टंट बहुमत टिकावे म्हणून अल्स्टर प्रांताच्या नऊपैकी सहाच परगणे घेऊन १९२१ मध्ये आखलेल्या, युनायटेड किंगडमचा (ब्रिटनचा) भाग असलेल्या उत्तर आयर्लंडविषयी, ‘तिथे विलीनीकरणाच्या बाजूचे मानल्या जाणाऱ्या कॅथलिकांची संख्या वाढली की तो प्रदेश आपोआप आयर्लंडमध्ये विलीन होईल’ असे अनेक दशके सांगितले जाते. हा समज चुकीचा आहे. २०२१ च्या जनगणनेत कॅथलिक असलेले किंवा तसे वाढवले गेलेले लोक ४५.७ टक्के, तर प्रोटेस्टंट व अन्य ख्रिस्ती पार्श्वभूमीचे ४३.५ टक्के आढळले. क्रम बदलला, हे ऐतिहासिकच. पण निम्म्यापलीकडे कोणीही गेलेले नाही. त्याच जनगणनेत स्वतःची ओळख केवळ आयरिश अशी सांगणारे २९.१ टक्केच होते, केवळ ब्रिटिश सांगणारे ३१.९ टक्के आणि केवळ ‘नॉर्दर्न आयरिश’ म्हणवणारे १९.८ टक्के. या तिसऱ्या गटाकडे डोळेझाक करून केलेले भाकीत मला अन्यायाचे वाटते. शिवाय तिथला दीर्घ संघर्ष मिटवण्यासाठी झालेल्या १९९८ च्या गुड फ्रायडे शांतता करारानुसार हा निर्णय जनगणनेने नव्हे, तर सार्वमतानेच व्हायचा आहे; बहुमत विलीनीकरणाच्या बाजूने जाण्याची शक्यता दिसल्यास ब्रिटिश मंत्र्याने सार्वमत घ्यायचे असून, आयर्लंड प्रजासत्ताकातील जनतेची संमतीही त्याला आवश्यक आहे.