द्राक्षबियांचं तेल की द्राक्षबियांचा अर्क?

बी असलेलं द्राक्ष खाताना ती दाताखाली आली की जीभ तुरट होते. तो तुरटपणा ध्यानात ठेवा. तेलाची बाटली आणि अर्काची कॅप्सूल या दोन्हींवर नाव द्राक्षबियांचंच असतं, पण तुरटपणा एकीतच उतरतो.

हा तुरटपणा टॅनिनचा. त्यातली प्रोअँथोसायनिडिन नावाची अँटीऑक्सिडंट द्रव्यं पाण्यात आणि अल्कोहोलमध्ये विरघळतात, तेलात जवळजवळ नाहीच. त्यामुळे बिया घाण्यात दाबल्या की तेल बाहेर येतं आणि ही द्रव्यं पेंडीत राहतात; पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये काढलेल्या अर्कात मात्र ती उतरतात. तेलात मुख्यतः लिनोलेइक आम्ल हे स्निग्धाम्ल, सुमारे ७० टक्के, आणि थोडं ई जीवनसत्त्व. म्हणजे ते आपल्या करडईच्या तेलाचंच भावंड. फोडणीला चांगलं, पण अर्काचे गुण मिळतील म्हणून जास्तीचे पैसे मोजू नका.

आता बिया येतात कुठून? नाशिकच्या बाजारातलं थॉमसन, सोनाका जातीचं द्राक्ष बिनबियांचं. बिया मिळतात वायनरीत, साधारण जानेवारी ते मार्चच्या गाळपात. शेनिन ब्लाँसारख्या पांढऱ्या वाइनसाठी रस आधी दाबून काढतात आणि मग आंबवतात. शिराझची लाल वाइन मात्र साली-बियांसकट आंबते, म्हणून बियांतलं बरंच टॅनिन वाइनमध्येच उतरतं. अर्कासाठी पांढऱ्या वाइनचा चोथा उजवा ठरतो तो यामुळे. पण तो ओला ढिगात राहिला तर बुरशी धरतो. लगेच वाळवून चाळला, तरच त्यातली बी खाण्याच्या कामाची.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती पेंड. तेल काढून उरलेली पेंड बारीक दळली की तपकिरी, तुरट पीठ होतं. त्यात तंतू भरपूर आणि टॅनिनही शाबूत. ज्वारीच्या पिठात किंवा बिस्किटात ते थोडंच घालावं, जास्त झालं तर कडवट लागतं. तेल काढणाऱ्याने पेंड टाकून दिली, तर बीचा तुरट भाग तो फेकूनच देतो.

अर्काने रक्तदाब थोडा उतरल्याचं काही चाचण्यांत दिसलं, सगळ्यांत नाही. घरात कोणी रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांना अर्क देऊ नका, त्याने रक्तस्राव वाढू शकतो.