गावची नळयोजना गावाच्या हाती : पार्श्वभूमी

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील बंद वा रखडलेल्या नळयोजना पुन्हा सुरू करून गावाच्याच समितीकडे सोपवण्याचा विचार आज मांडला जात असला, तरी त्याची मुळे १९७२च्या दुष्काळापर्यंत मागे जातात. त्या दुष्काळानंतर काळा पाषाण फोडून घेतलेल्या विंधनविहिरी आणि त्यांवरचे हातपंप गावोगावी पोहोचले. पुढे १९७६च्या कायद्याने पाणीपुरवठा व जलनिस्सारण मंडळ स्थापन झाले, आणि विहीर, पंपघर, टाकी, जलवाहिनी हे सारे शासनाने बांधायचे व ग्रामपंचायतीने फक्त ताब्यात घ्यायचे, हा प्रघात रुळला. १९९७ साली मंडळाचे महाराष्ट्र जीवन प्राधिकरण झाले. प्रघात मात्र फारसा हलला नाही.

बांधणारा एक आणि चालवणारा दुसरा, हे या व्यवस्थेचे मूळ दुखणे होय. अनेक गावांच्या प्रादेशिक योजनांत ते अधिक उघडे पडते. उद्भवाजवळच्या, म्हणजे पाणी जिथून उचलले जाते त्या जागेजवळच्या गावाला पाणी मुबलक मिळते आणि टोकाच्या गावाला आठवड्यातून एखाद्या वेळी. साहजिकच टोकाचे गाव पाणीपट्टी भरण्यास नाखूश असते, वसुली खालावते, वीजबिल थकते आणि वीज तोडली गेली की पट्टी वेळेवर भरणारी गावेही कोरडी पडतात.

त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३पासून पिण्याचे पाणी पंचायतींच्या विषयसूचीत आले. त्याच वर्षीच्या राज्याच्या भूजल कायद्याने सार्वजनिक पाणवठ्यापासून ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून नवी विहीर घेण्यास मनाई केली. नियम चांगलाच होता; पण बांधाला बांध लागून असलेल्या भाऊबंदाने बोअर घेतले, तर त्याच्याविरुद्ध अर्ज कोण देणार?

खरे वळण आले ते २००० सालच्या मागणी-आधारित धोरणाने. योजना हवी असेल तर गावाने ठराव करून ती मागावी, भांडवली खर्चाच्या १० टक्के लोकवर्गणी भरावी आणि देखभालीचा खर्च स्वतः उचलावा, असे त्याचे सूत्र होते. जागतिक बँकेच्या साहाय्याने २००३मध्ये सुरू झालेल्या जलस्वराज्य प्रकल्पाने ते प्रत्यक्षात आणले. ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याचा आग्रह ही त्यातील मोलाची गोष्ट, कारण हंडा कोणाच्या डोक्यावर असतो हे सर्वांना ठाऊक आहे. लोकवर्गणी मात्र काही ठिकाणी ठेकेदारानेच परस्पर भरली, आणि अशा गावांत योजना ‘आपली’ कधी झालीच नाही.

योजना टिकते ती पुष्कळदा एका माणसावर, पाणी सोडणाऱ्यावर. पहाटे लांब चावी घेऊन निघणारा, रस्त्याकडेच्या चेंबरमध्ये वाकून एका आळीचा व्हॉल्व्ह बंद करून दुसरीचा उघडणारा हा माणूस आपला पगार वेळेवर मिळतो की नाही, यावरून गावच्या वसुलीची अवस्था अचूक सांगू शकतो.

२०१९च्या जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटरचे प्रमाण ठरवले आणि गावांतर्गत कामांसाठी लोकवर्गणीचे तत्त्व कायम ठेवले. डोंगराळ आणि वनक्षेत्रातील गावांसाठी ती ५ टक्के आहे. जुन्या योजनांची सुधारणाही मिशनमध्ये बसते. तिच्या अंदाजपत्रकात पंप, पाइप आणि टाकी येतात. पाणीपट्टी किती आकारायची आणि थकवणाऱ्याचा नळ कोणी तोडायचा, हे मात्र गावालाच ठरवावे लागते.