लांबच्या पडद्यापर्यंत चित्र नेताना: तांबे की काच?

प्लेअर आणि पडदा यांच्यात दोन मीटर अंतर असेल, तर साधी एचडीएमआय केबल जोडली की काम भागते. तशीच केबल तीस मीटरची घेतली, तर 4के चित्र बहुधा दिसतच नाही. आणि दिसलेच, तर काळ्या भागावर पांढरे ठिपके लुकलुकतात व मध्येच चित्र क्षणभर गायब होऊन परत येते. केबल तुटलेली नसते, जोडही पक्का असतो. कमी पडते ती तांब्याची कुवत.

4के चित्रात 3840 × 2160, म्हणजे सुमारे 83 लाख पिक्सेल असतात. प्रत्येक पिक्सेलला 24 बिट आणि सेकंदाला 60 चौकटी (फ्रेम) धरल्या, तर सेकंदाला जवळजवळ 12 अब्ज बिट होतात. चौकटींमधल्या रिकाम्या जागा आणि सांकेतीकरणाचे जादा बिट मिळवले की हा आकडा 18 अब्जांच्या घरात जातो. एचडीएमआय 2.0 मध्ये हा भार तारांच्या तीन जोड्यांवर वाटला जातो आणि प्रत्येक जोडीतून सुमारे 3 गिगाहर्ट्झपर्यंतची स्पंदने धावतात. इतक्या वारंवारतेला वीज तारेच्या गाभ्यातून वाहतच नाही. ती पृष्ठभागालगतच्या जेमतेम सव्वा मायक्रोमीटर जाडीच्या थरात एकवटते. याला स्किन इफेक्ट म्हणतात. वाट अरुंद झाल्याने रोध वाढतो, शिवाय तारेभोवतीचे प्लास्टिकही थोडी ऊर्जा शोषून घेते, आणि दर मीटरागणिक स्पंदनांच्या कडा बोथट होत अखेर शून्य कोणते नि एक कोणता हेच पडद्याला ओळखता येत नाही.

संकेत डिजिटल असल्यामुळे ही घसरण आधी जाणवत नाही. मर्यादेच्या अलीकडे चित्र निर्दोष असते आणि ती ओलांडली की थोड्याच अंतरात कोसळते. म्हणूनच महागड्या केबलमुळे रंग अधिक खुलतात या दाव्यात मला तथ्य वाटत नाही. टोकांवरचा सोन्याचा मुलामा गंज रोखतो, चित्र सुधारत नाही.

साध्या तांब्याच्या केबलचा या वेगाला भरवसा पाच-सात मीटरपर्यंतच धरावा. स्टुडिओत 75 ओहमची कोअॅक्सियल केबल (मधे एक तार आणि तिच्याभोवती जाळीचे आवरण असलेली) वापरतात. 12जी-एसडीआय या स्टुडिओतल्या चित्रवहनाच्या पद्धतीने ती याच्या कितीतरी पट लांबचा पल्ला गाठते. इमारतीत नेटवर्कची केबल टाकणे सोयीचे असेल, तर तिच्यातूनच चित्र नेणाऱ्या एचडीबेसटी या पद्धतीचा मार्ग आहे. तिच्या 3.0 आवृत्तीत 4के-60 (सेकंदाला 60 चौकटींचे 4के) चित्र न दाबता, म्हणजे त्याची माहिती न आकसता, 100 मीटरपर्यंत जाते, आधीच्या आवृत्त्यांत मात्र ते दाबावे किंवा रंगांची माहिती कमी करावी लागे. इथे केबल अस्सल तांब्याचीच हवी. तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमच्या तारेचा रोध जास्त असतो आणि त्याच तारांतून वीजपुरवठाही करायचा असेल, तर ती अधिक तापते.

त्यापुढच्या अंतराला काच, म्हणजे प्रकाश वाहून नेणारा काचेचा तंतू (ऑप्टिकल फायबर), उजवी ठरते. प्रकाश काचेत फार दूर जात नाही, हा दोष काचेचा नसून तिच्यातल्या अशुद्धींचा आहे, असे शास्त्रज्ञ चार्ल्स काओ यांनी 1966 मध्ये दाखवले आणि त्या कामासाठी त्यांना 2009 चे नोबेल मिळाले. आजच्या उत्तम तंतूत 1 किलोमीटरनंतरही सुमारे 95 टक्के प्रकाश शिल्लक राहतो. त्यामुळे शंभर मीटर ही त्याच्या दृष्टीने किरकोळ बाब आहे. शिवाय शेजारून जाणाऱ्या विजेच्या तारांचा त्यातल्या प्रकाशावर परिणाम होत नाही.

तयार ऑप्टिकल एचडीएमआय केबलच्या दोन्ही टोकांच्या खोक्यांत चिप बसवलेल्या असतात. एक विजेचा प्रकाश करते, दुसरी प्रकाशाची पुन्हा वीज. म्हणून ती एकदिशा असते. टोकांवर ‘सोर्स’ आणि ‘डिस्प्ले’ असे छापलेले असते, आणि ते न वाचता केबल उलटी ओढली तर पडदा काळाच राहतो. भिंतीतल्या नळीतून ओढण्याआधी ती जमिनीवर सैल पसरून, नेमक्या त्याच उपकरणांना जोडून, 4के-60 वर तासभर चालवून पाहावी. ओढताना जोर टोकाच्या खोक्यावर न देता केबलच्या आवरणावर द्यावा आणि कोपऱ्यात तिला घडी पडू देऊ नये.